पालकाच्या वाफ्याकडे जाणारं पाणी

बाबा, मागच्या वाडीत पुन्हा पालक आला आहे आणि मला त्याची भीती वाटते. हसू नका. पन्नाशीला टेकलेली बाई मी, अंगणवाडीत गावातल्या लेकीसुनांना हिरव्या भाजीचे गुण सांगते, भिंतीवरच्या तक्त्यावर काडी ठेवून दाखवते, आणि घरी आली की आपल्याच वाफ्याजवळून पदर सावरून जाते, तिथं साप बसला असल्यासारखी. या घरात सून होऊन आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. वांगी लावली, कोथिंबिरीचा सांबार लावला, भेंडी लावली, दोडक्याचा वेल छपरावर चढवला. पालक तेवढा कधी लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, इथल्या मातीले पालक मानवत नाही. माती चांगली काळीभोर, कसदार, तिच्यावर मी इतकी वर्षं खोटा आळ घेतला.

आता लावला तो पोरीनं. तुमच्या नातीनं, जिला तुम्ही पाहिलंच नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, आठवा लागला आहे. अंगात रक्त कमी. गोळ्या घेतल्या की तिला मळमळतं, म्हणून नर्सबाई म्हणाली, रोज पालेभाजी खा, आणि घरचीच लाव, बाजारातली कुठल्या पाण्यावर आली काय माहीत. मग माझ्याकडे वळून म्हणते, "तुम्ही तर अंगणवाडीवाल्या, तुमच्या घरी पालक नाही?" मान खाली घालून आले. पोरीनं चारच दिवसांत फुलसावंगीच्या बाजारातून बी मागवलं, ओल्या फडक्यात बांधून ठेवलं आणि मागं जाऊन जागा पाहिली. जागा कुठली पाहावी तिनं? न्हाणीच्या पाटाची. "पाणी फुकट गल्लीत जाऊन राह्यलं आई, इथंच करू वाफा." मी म्हटलं, दुसरीकडे कर, मी हापशीवरून बादल्या आणून टाकत जाईन. तिनं विचारलं, काहून? अशा पोटुशा लेकीला, घरचं पाणी सोडून बादल्या वाहायचं, काय कारण सांगायचं मी? शेवटी तिथंच झाला वाफा.

आपला वाफाही तसाच होता. विहारामागचं ते घर, तीन बाजूंनी तट्ट्या लावलेली न्हाणी, खाली एक मोठी फरशी, आणि फरशीखालून निघालेला हातभर रुंदीचा पाट. पाटाला दोन तोंडं. एक गल्लीच्या नालीकडे, दुसरं वाफ्याकडे. दोन बाजा मावतील एवढाच तो वाफा, पण त्यातून आठवड्याला दोनदा डाळभाजी व्हायची. तुम्ही सकाळी अंग धुवून झालं की ओल्या अंगानंच वाफ्याशी उकिडवे बसायचे आणि पानं उलटून पाहायचे. मी एकदा भाजी आण म्हटल्यावर घाईत मुळासकट उपटून आणली होती. तुम्ही ओरडले नाही, पण हातातली जुडी घेऊन परत वाफ्यापाशी नेलं मला. "पालक उपटाचा नसते बाई, कापाचा असते. दोन बोटं सोडून. खालचं राह्यलं तर पुन्हा फुटते." इळा माझ्या हातात दिला, माझ्या हातावर तुमचा हात ठेवला. तुमच्या बोटांना औषधाचा वास यायचा तेव्हा, कापसाच्या पऱ्हाटीवर फवारायच्या औषधाचा. कितीही राख लावून धुतली तरी जायचा नाही. मला तो वास आवडायचा, कारण तो तुमचा होता.

फवाऱ्याच्या दिवसांत तुम्ही लोकांच्या वावरात पंप पाठीवर घेऊन जायचे आणि दुपार कलली की घरी येऊन अंग धुवायचे. कपडे तिथंच, पंपही तिथंच विसळायचा. म्हणून त्या दिवसांपुरता तुमचा एक नेम होता. सकाळी घराबाहेर पडायच्या आधी वाफ्याकडचं तोंड बंद करायचं. एक चपटा दगड आणि त्याच्याभोवती गोणपाटाचा बोळा, पायानं दाबून घट्ट बसवायचा. आम्हाला सांगून ठेवलं होतं, फवारा आहे तोवर बोळ्याले हात लावाचा नाही, ते पाणी जहराचं आहे. दगड लावलेला असला की वाफा दिवसदिवस कोरडा राहायचा, मग माय मटक्यातलं पाणी तांब्यानं शिंपायची.

त्या वर्षी मध्येच पावसानं दडी मारली होती. मी दहा वर्षांची. शाळेतून आले तर पालकानं माना टाकलेल्या. माय न्हाणीत भांडी घासत होती आणि ते सगळं पाणी गल्लीत चाललं होतं. मला वाटलं, हे तर भांड्यांचं पाणी आहे, राखेचं, याच्यात कुठं जहर? तुम्ही यायला अजून वेळ होता. मी दगड काढून धुतला, बोळ्याची घडी केली, दोन्ही वस्तू तट्ट्यांबाहेरच्या कपडे धुवायच्या दगडावर नीट ठेवल्या, आणि पाणी वाफ्यात शिरताना पाहत बसले. काय आनंद झाला होता मला, बाबा. तुम्ही आले की दाखवू, पानं कशी उभी राहिली. तेवढ्यात गल्लीतून मैत्रिणींनी हाक मारली, लंगडी सुरू झाली होती, आणि मी पळाले.

परत आले तेव्हा तुमचं अंग धुवून झालं होतं. तुम्ही बाजेवर बसून चहा पीत होते, आणि वाळत घातलेल्या पँटीतून थेंब गळत होते. मला बोळा आठवलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं टोपलंभर पालक कापला. तुम्ही वावरात, मी शाळेत, तिनं एकटीनं दुपारी भाजीभाकर खाल्ली. शाळेत शेजारची काकू न्यायला आली तेव्हा मला वाटलं, सुट्टी झाली. घरात शिरले तर माय जमिनीवर पडलेली, तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं, आणि मला पाहून तिला ओळख पटेना. ते डोळे अजून माझ्यासमोर येतात. जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेलं. मी रस्ताभर तिचे पाय धरून होते आणि मनात एकच, माय मरू नको, माय मरू नको.

संध्याकाळी तुम्ही तिचं लुगडं न्यायला घरी आले आणि मी तुमच्या मागं मागं. तुम्ही सरळ न्हाणीकडे गेले. पाट ओला, वाफा ओला, पाटाचं तोंड उघडं. आणि कपडे धुवायच्या दगडावर बोळा घडी करून ठेवलेला. तुम्ही कधी काही घडी करून ठेवलं आहे का? तुम्ही बोळा उचलला, हातात फिरवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मारतील, आता विचारतील. मी सांगणार होते, शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं मी. तुम्ही बोळा जागेवर बसवला, पायानं दाबला आणि म्हणाले, "चाल, मायले भूक लागली असन."

दवाखान्याच्या व्हरांड्यात मामा तुमच्या अंगावर धावून आला. माझ्या बहिणीले मारतं का, जहराचं पाणी घरात सोडलं, अक्कल गहाण टाकली का. आजूबाजूच्या बाजांवरचे पेशंट उठून बसले. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे होते. "मीच इसरलो," तुम्ही म्हणाले. "बोळा लावाचा राह्यला माह्याच्यानं." मी मामाच्या मागं, एका खांबाला धरून. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मायनं चहा मागितला आणि सगळे रडले. मीही रडले, पण सुटल्यासारखं वाटून रडले, हे तेव्हाही कळत होतं. माय जगली, पुढं खूप वर्षं जगली, आणि तुम्ही होते तोवर कधी भांडण झालं की तुम्हाला ते ऐकवायची. तुम्ही ऐकून घ्यायचे. त्या दिवसापासून तुम्ही घरी अंग धुणंच सोडलं फवाऱ्याच्या दिवसांत. नाल्यावर जायचे, थंडी असो की काही. आणि भाजी शिजली की पहिला घास तुम्ही खायचे, आम्ही ताटं घेऊन बसलेलो, तुम्ही थोडा वेळ थांबायचे आणि मग म्हणायचे, "वाढ आता." माय चिडायची. मला तो घास घशाखाली उतरताना पाहवत नव्हता.

पुढच्या वर्षी तुम्ही मला एक डबा दिला. तंबाखूचा पत्र्याचा डबा, घासून लख्ख केलेला, आत पालकाचं बी. "यंदा तू पेर," म्हणाले. दुसऱ्या कोणत्या बापानं दिला असता? मला मात्र वाटलं ही शिक्षा आहे. तुम्हाला माहीत आहे हे सांगण्याची तुमची रीत आहे. मी ते बी मुद्दाम खोल पुरलं, बोटभर नाही, वीतभर खोल, येऊच नये म्हणून. आलं नाही. तुम्ही दहा-बारा दिवस वाट पाहिली, माती उकरून पाहिली आणि म्हणाले, "लई खोल गेलं वाटते, बाई." मग स्वतः पेरलं. एवढंच. डबा माझ्याकडेच राहू दिला. लग्नात मी तो ट्रंकेच्या तळाशी घालून आणला. आता त्यात दोडक्याचं, भेंडीचं बी असतं.

इथं लग्न करून आले तेव्हा तुमच्या जावयांना पहिल्याच हंगामात सांगितलं, फवारा मारून आले की विहिरीवर अंग धुवायचं, तसं घरात पाय टाकायचा नाही. त्यांना वाटलं, नवी नवरी लाडात आली. पण ऐकलं त्यांनी. तरी पोरीनं वाफा केल्यावर मी पाटाच्या तोंडाला दगड आणि बोळा बसवला. ज्या दिवशी फवारा त्या दिवशी सकाळी मी स्वतः लावायचा, पायानं दाबायचा, अंगणवाडीत जाता जाता परत फिरून पाहायचं. पोर हसते. "आई, तुले बोळ्याचा नाद लागला." लागू दे म्हटलं.

परवा यांचा फवारा होता. सकाळी बोळा लावला आणि मी दिवसभर महागावला मीटिंगला. आले तेव्हा दिवेलागण झाली होती, दोरीवर यांचे पँट-शर्ट ओले लोंबत होते. मनात एकदा आलं, मागं जाऊन पाहावं. पाय दुखत होते, नाही गेले. काल दुपारी अंगणवाडीतून आले तर घरभर लसणाच्या फोडणीचा वास. पोर ताट चाटूनपुसून बसलेली. "आई, पहिली कापणी. डाळभाजी अशी झाली म्हणतं, तुह्यासाठी ठेवली गंजात झाकून." मी पाय धुवायला मागं गेले. पाट वाफ्यापर्यंत ओला. कपडे धुवायच्या दगडावर बोळा ठेवलेला, शेजारी दगड. नीट. बाबा, मी खाली बसले. मला दहा वर्षांची झाल्यासारखं झालं आणि त्याच वेळी मी मायही होते, जमिनीवर पडलेली.

"बोळा कोणी काढला वं?"

"मीच काढला, काल. पानं माना टाकून राह्यले होते. भांड्याचं पाणी सोडलं."

"मंग लावला काहून नाही?"

"इसरली व आई. काय झालं?"

तिनं किती सहज सांगितलं. मीच काढला, इसरली. मी तिच्या तोंडाकडे पाहू लागले, लाळ येते का, डोळे कसे आहेत. दोरीवरचे ओले कपडे डोळ्यांसमोर. म्हणजे यांनी आदल्या संध्याकाळी इथंच अंग धुतलं. यांना फोन लावला, वाजून वाजून बंद. फोन शिदोरीच्या पिशवीत, पिशवी बाभळीला टांगलेली, माणूस वावराच्या त्या टोकाला, रोजचंच आहे ते. मी ऑटो बोलावला. पोर म्हणते, मले काही होऊन नाही राह्यलं, पोट भरलं तेवढं. मी म्हटलं, बस गुमान. महागावपर्यंत मी तिचं मनगट धरून होते. तिला जरा घाम आला की माझा जीव जायचा, आणि ऊन तर असं की घाम येणारच. ती बोलायची थांबली की मी म्हणायचे, बोल काही तरी. पोटावर तिचा हात होता आणि त्या हातावर माझा, आतलं लेकरू हललं की दोघींना कळायचं. बराच वेळ ते हललं नाही. तो वेळ मी कसा काढला ते मला माहीत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या पाहिल्या, तोंडाला पाणी सुटतं का, चक्कर, उलटी, सगळं विचारलं. पोटाला यंत्र लावलं आणि बाळाचे ठोके ऐकवले, धडधड धडधड. सध्या काही दिसत नाही, म्हणाली, पण संध्याकाळपर्यंत इथंच राहा. मी व्हरांड्यात बसले. तोच व्हरांडा नाही हा, पण मला सारखं वाटत होतं, मामा कुठून तरी येईल आणि यावेळी तो बरोबर माणसाच्या, माझ्या अंगावर येईल. तिला काही झालं असतं ना बाबा, तर मी परत घरी जाणार नव्हते. हे मी ठरवून टाकलं होतं, त्या बाकड्यावर.

चारच्या सुमारास यांचा फोन आला. मी सगळं एका दमात सांगितलं. हे म्हणाले, "अवं, मी घरी कुठं आंग धुतलं? विहिरीवरच धुतलं. कपडे तिथंच पिळले, घरी आणून वाळू घातले. पंप वावरातच आहे. सत्तावीस वर्षं तू माहं डोकं खाल्लं, मी इसरीन कसा?" मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. वाफ्यात गेलं ते खरंच भांड्यांचं पाणी होतं. राखेचं. पोर आत खाटेवर बसून केळं खात होती.

घरी आल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. तिनं विचारलं, "आई, तू एवढी काहून भेली?" मग मी सांगितलं. आजपर्यंत कोणाला न सांगितलेलं सगळं, तुमचा वाफा, जहराचं पाणी, माय जमिनीवर पडलेली, जीप, मामा, तीन दिवस. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पण बोळा कसा काय राह्यला?"

आणि मी म्हटलं, "तुहे आबाजी लावाले इसरले."

"असे कसे इसरले? माहे बाबा नाही इसरले एक दिवस. जहर घरात घेऊन याचं आणि इसराचं?"

"थकले असतील वं."

"थकले म्हणून काय झालं? आजीचा जीव गेला असता." तिच्या आवाजात राग होता, बाबा. तुमचा राग. ज्या माणसाला तिनं पाहिलं नाही त्याच्यावर. तिनं दुपारी माझ्या तोंडावर सांगितलं होतं, मीच काढला, आणि तिच्याच शेजारी बसून माझी जीभ उचलली नाही. मायला सांगता आलं नाही, तुम्ही गेले त्या दिवशी तुमच्या कानाशी वाकले होते तेव्हा सांगता आलं नाही, आणि आता भीती संपली, पोर धडधाकट, तरी नाही. मी पीठ मळायचं आहे म्हणून उठले.

आज ती दुपारची झोपली आहे म्हणून हे लिहायला घेतलं, अंगणवाडीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. तुम्हाला कुठं पाठवणार? वाटलं होतं तुमच्याच डब्यात ठेवावं, बियांखाली. पण तो डबा आता ती उघडते, परवाच त्यातून भेंडीचं बी काढलं तिनं. म्हणून मी कागदाची घडी केली आहे आणि ती गव्हाच्या कोठीत ठेवणार आहे, हात कोपरापर्यंत आत घालून, तिला सापडणार नाही इतकी खोल.